बांधाजवळची माती

डॉ. मधुकर साळवी. माझ्यावर सर्वात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी हे नाव घेतो, आणि आईवडिलांच्या आधी घेतो. आईवडिलांना त्याचं वाईट वाटलं नसतं. मला करमाळ्याच्या एस.टी. स्टँडवर सोडताना वडील म्हणाले होते, "हितनं पुढचं आमाला काय कळत नाही. पुढं जो वाट दावील त्याला बाप म्हण." हे शब्दशः घेण्याइतका मी साधा होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं.

दरवर्षी ज्येष्ठात एखाद्या दुपारी जयपूरचं पश्चिमेकडचं आकाश विटकरी होतं. मानसरोवरातल्या आमच्या गच्चीवरून आता मेट्रोचा पूल दिसतो. आंधी येते तेव्हा आधी तो पूल नाहीसा होतो, मग पाण्याची टाकी, मग समोरचा कडुनिंब. बायको खिडक्या लावत फिरते आणि मला हाका मारते. मी दोन मिनिटं तसाच उभा राहतो. दाताखाली बारीक कचकच लागते. मातीत आयुष्य काढलेल्या माणसाला मातीची चव नवी नाही, पण ही कोरडी, तापलेली चव आली की मला ऐंशीच्या दशकातला एक ज्येष्ठ आठवतो. त्या वर्षी पाऊस येऊ नये म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो. करमाळ्यासारख्या कोरड्या मुलखातल्या मुलानं असं मागणं मागावं, हे गावी कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

सर मला भेटले ते जयपूरच्या माती-पाणी तपासणाऱ्या सरकारी कचेरीच्या मुलाखतीत. टेबलापलीकडे चार माणसं होती आणि प्रश्न इंग्रजीत होते. प्रश्न मला कळत होते. उत्तरंही येत होती. पण उत्तर तोंडापर्यंत यायचं आणि तिथे चप्पल काढून उंबऱ्यावर उभं राहायचं, आत येण्याचं धाडस करायचं नाही. तिघांनी माझे कागद बाजूला ठेवले. चौथे, जाड चष्म्याचे, मराठीत म्हणाले, "फळा आहे तिकडे. पावसाचा एक थेंब शेतात पडला, तर तो कुठे कुठे जाईल ते काढून दाखव. बोलू नकोस." मी काढत गेलो. फळा संपला तेव्हा ते म्हणाले, "खाली जागा आहे अजून. भूजल राहिलं." तेच साळवी सर. ते मूळचे रत्नागिरीकडचे, पण नोकरीने जयपूरला येऊन स्थिरावलेले. मी त्यांच्या हाताखाली रुजू झालो, आणि जागा मिळेपर्यंत म्हणून त्यांच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत राहायला गेलो. मानसरोवर तेव्हा नुकतं वसत होतं. निम्मे प्लॉट मोकळे, रस्त्यांना नावं नव्हती, आणि संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या स्कूटरी वाळूत घसरायच्या. जागा पुढे कितीतरी मिळाल्या, पण सरांच्या पत्नी, आमच्या काकू, प्रत्येक जागेत काहीतरी खोट काढायच्या. खरी गोष्ट अशी, की त्यांना कुळथाचं पिठलं आवडीने खाणारा माणूस सापडला होता आणि तो त्यांना सोडायचा नव्हता.

सरांचं हिंदी हा त्या घरातला करमणुकीचा विषय होता. ते मराठीच हिंदीसारखं बोलत आणि आवाज चढवत. आवाज चढवला की भाषा बदलते अशी त्यांची समजूत असावी. त्यांची मुलगी मीनू जयपूरलाच जन्मलेली. तिचं मराठी हिंदीच्या आधाराने चालायचं. ती म्हणायची, "बाबा, मतलब तुम्ही हिंदी बोलता ना, तर भैया लोग घाबरून हो म्हणतात." काकूही काही कमी नव्हत्या. एकदा आम्ही कानोत्याच्या धरणावर डबे घेऊन गेलो. जीपचा ड्रायव्हर म्हणाला, "माताजी, पाल पर बैठ के खा लो, हवा अच्छी है." काकूंनी साडी सावरून मीनूला मागे ओढलं. इकडे पाल म्हणजे धरणाची भिंत, हे कळेपर्यंत त्या भाकरीचा डबा छातीशी धरून जमिनीकडे पाहत उभ्या होत्या. त्या दिवशी आम्ही सगळे खूप हसलो. एकाच लिपीत लिहिलेल्या दोन भाषा एकमेकींना अशा चिमटे काढतात, याची आम्हाला गंमत वाटायची.

कानोत्याच्या पुढे, बस्सीच्या अलीकडे, आग्रा रस्त्यापासून आत दगडी भिंतीने अडवलेला एक जुना तलाव होता. पावसाळ्यात तो भरायचा, आणि हिवाळ्यापासून पाणी जसजसं मागे हटेल तसतसे लोक त्याच्या ओल्या पोटात शेती करत जायचे. त्या जमिनीला तिकडे पेटा म्हणतात. आपल्याकडे उजनीच्या काठी गाळपेर म्हणतात तीच गोष्ट. आधी गहू, हरभरा, आणि शेवटी, अगदी पाण्याच्या कडेला, ककडी आणि खरबुजाच्या वाड्या. त्या तलावाचं पाणी नळाने आजूबाजूच्या गावांना प्यायला द्यायचं असं ठरत होतं. तेव्हा आमच्या कचेरीला एक प्रश्न विचारण्यात आला: या शेतांमधलं खत पाण्यात उतरून पाणी बिघडण्याचा धोका किती?

खत म्हणजे मुख्यतः स्फुरद. स्फुरद हे विष नव्हे. ते पिकाचं अन्न आहे, आणि पाण्यात गेलं तर शेवाळाचंही अन्न आहे. तलावात ते गरजेपेक्षा जास्त झालं की उन्हाळ्यात पाण्यावर हिरवी साय धरते, मग ती कुजते, मासे उलटे होतात आणि पाण्याला असा वास येतो की म्हैससुद्धा तोंड फिरवते. माझ्या कॉलेजच्या पुस्तकात होतं की स्फुरद जागचं हलत नाही. नत्र पळतं, स्फुरद बसून राहतं. सर मला म्हणाले, "बसून राहतं, बरोबर. पण ज्या मातीवर ते बसलंय तीच वाहून गेली तर? आणि ती माती महिनोन् महिने पाण्याखाली बुडून राहिली तर?" त्यांनी मला धोका मोजण्याची जी रीत शिकवली ती मी आजही तशीच वापरतो. मातीत स्फुरद किती साठलंय हे पाहायचं, आणि पाण्याला तिथपर्यंत वाट आहे का हे पाहायचं. भरलेली कोठी असेल पण दार बंद असेल, तर भिण्याचं कारण नाही. दार सताड उघडं असेल पण कोठी रिकामी, तरी नाही. दोन्ही एकत्र आली तिथे बोट ठेवायचं.

नमुने गोळा करण्याचं काम कजोडजींकडे होतं. ते बस्सीकडचे, साठीला आलेले, हंगामापुरते नेमलेले क्षेत्रसहायक. दर हंगामात त्यांचा नेमणुकीचा कागद नव्याने निघायचा. गहू निघाल्यावर, शेतं मोकळी झाली तेव्हा, कचेरीच्या अंगणात सरांनी त्यांना समजावून सांगितलं. मी शेजारी पिशव्यांना चिठ्ठ्या बांधत उभा होतो. सरांनी खुरप्याने इंग्रजी व्हीसारखा खड्डा करून दाखवला. मातीचे चार भाग करून समोरासमोरचे दोन कसे टाकायचे ते दाखवलं. मग हात कमरेवर ठेवून, आवाज चढवून म्हणाले, "और एक बात, कजोडजी. बांध के पास का मिट्टी बिलकुल नहीं लेने का. झाड के नीचे का नहीं, खाद के ढेर के पास का नहीं, और बांध के पास का तो हात भी नहीं लगाने का."

"जी साब," कजोडजी म्हणाले. "बांध से दूर."

मराठी मुलखात मातीचा नमुना घ्यायला शिकलेल्या कुणालाही हे वाक्य झोपेतून उठवून विचारलं तरी येईल. बांधावरची माती शेताची नसते. तिथे उकरलेली, टाकलेली, मुंग्यांनी वर आणलेली माती असते. ती मिसळली की शेताचा खरा अंदाज येत नाही. मी चिठ्ठ्या बांधत राहिलो.

माती आली. ती वाळवणं, कुटणं, चाळणं, मग द्रावणात ढवळणं, गाळणं. शेवटी एक द्रव घातला की परीक्षानळीत निळा रंग उगवतो. स्फुरद जितकं जास्त तितका निळा गडद. हा रंग फार वेळ टिकत नाही. उगवल्यावर लगेच यंत्रात धरून वाचावा लागतो, नाहीतर तो फिका पडत जातो आणि आकडा खोटा येतो. त्या वैशाखात मी दिवसच्या दिवस निळा पाहिला. सगळ्या नळ्या फिक्या, धुतलेल्या आकाशासारख्या. सर आनंदले. उतारही सौम्य, कोठ्याही रिकाम्या. त्यांनी अहवाल लिहिला: धोका कमी, शेती चालू ठेवून पाणी पिण्यासाठी देण्यास हरकत नसावी. सही केली. आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी काकू आणि मीनूला घेऊन ते मुंबईला गेले. जाताना मला म्हणाले, "तलावाचा नकाशा तेवढा जोड आणि माथुर साहेबांकडे दे. पावसाआधी त्यांची बैठक आहे."

नकाशासाठी पाण्याची कड कुठवर आली आहे ते पाहायला म्हणून मी कजोडजींना घेऊन गेलो. बस्सीच्या बसमधून मधेच उतरून चालत. लूचा भाजणारा वारा वाहत होता. तलावाच्या पोटात, भिंतीच्या पायथ्याशी, पाण्याचा एक उथळ तुकडा उरला होता, आणि त्याच्या कडेकडेने खरबुजाच्या वाड्या. वेलांच्या मुळाशी शेणखताचे ढीग, वर पांढरट खताचे दाणे अजून विरघळायचे होते. एक बाई वाडीत बसून खरबुजं निवडत होती. गुलाबबाई तिचं नाव. कजोडजींना पाहून तिने आवाज दिला.

"आज फेर आ गया? पूरा गांव की माटी ले गया, म्हारी कोनी ली. म्हारी माटी में कांई खोट छै?"

"खोट नहीं है बाई," कजोडजी म्हणाले. "हुकम नहीं है."

"खेत छोटा है तो माटी भी छोटी हो गई?"

मी कजोडजींकडे पाहिलं. "इनके खेत की क्यों नहीं ली?"

"बांध के पास है ना साब."

"कहां है बांध? यहां तो मेड ही नहीं है." मेड म्हणजे शेताचा बांध, आणि तो खरोखरच नव्हता. पेट्यात शेतांमध्ये बांध घालत नाहीत. पाणी आलं की सगळं एक होतं.

"मेड नहीं साब, बांध." त्यांनी माझ्या पाठीमागे हात केला. मी वळलो. दगडी धरणाची भिंत उन्हात तापून पांढरी पडली होती. "यो रह्यो बांध. बडे साब ने बोला था, हात भी नहीं लगाना. मैं तो पाणी के आसपास गया ही नहीं. सब ऊपर के खेतों से लाया."

सरांचा बांध शेताचा होता. कजोडजींचा बांध धरणाचा. एकच शब्द, एकाच अंगणात, एकाने उच्चारला आणि दुसऱ्याने ऐकला, आणि दोघांनीही आपापल्या परीने चोख काम केलं. ज्या जमिनीचा धोका मोजायचा होता, नेमकी तीच जमीन आम्ही काळजीपूर्वक वगळली होती. माझ्या त्या सगळ्या फिक्या निळ्या नळ्या दार बंद असलेल्या कोठ्यांच्या होत्या.

गुलाबबाईने आम्हाला एक खरबूज दिलं. ते फार गोड होतं.

परतीच्या बसमध्ये मी कजोडजींना सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "साब, मराठी में इस बांध को क्या बोलते हो?"

"धरण."

"धरण." त्यांनी शब्द तोंडात घोळवून पाहिला. "बडे साब धरण ही बोल देते. मैं पूछता तो सही, कि ये क्या बला है."

मला तेव्हा हसू आलं नाही. आता हा प्रसंग सांगताना येतं. अनोळखी शब्द ऐकला तर माणूस थांबतो, विचारतो. ओळखीचा शब्द मात्र आपल्याला थांबूच देत नाही. आपण मान हलवतो आणि कामाला लागतो.

माथुर साहेब आमच्या कचेरीचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता. टेबलावर पंखा असायचा, आणि कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर त्यांनी निरनिराळ्या शेतांतून आणलेले दगड ठेवले होते. त्यांनी माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. मग एक दगड उचलून दुसऱ्या कागदावर ठेवला.

"साळवीजी ने लिखकर दिया था?"

"नहीं सर. बोला था."

"किसने सुना?"

"मैंने. और कजोडजी ने."

"कजोड की बात छोडो, वो तो अपनी जान बचाएगा. मतलब सिर्फ आपने." ते थोडं हसले. "आप उन्हीं के घर में रहते हो ना?"

मी मान हलवली.

"देखो बेटा. नमूने गलत जगह से आए, ठीक है, मान लिया. एक लाइन लिख दो, फील्ड के आदमी की भूल से ऐसा हुआ. साळवीजी की इज्जत रह गई, आपकी रह गई. अगले साल फिर से नमूने ले लेंगे."

"और कजोडजी?"

"सीजन का आदमी है. अगले सीजन में कोई और सही."

"और पानी सर? पाइप तो इसी साल..."

"पाइप ऊपर का फैसला है," ते म्हणाले आणि पंखा माझ्याकडे वळवला. भेट संपली की ते असं करायचे. "सोमवार तक बता दो. बारिश आ गई तो पेटा डूब जाएगा, फिर आप चाहो तो भी कुछ साबित नहीं होगा."

त्या दिवसांची आठवण म्हणजे एक रिकामं घर. मी सरांच्या स्वयंपाकघरात काकूंनी लावून दिलेल्या डब्यांतून डाळतांदूळ काढून शिजवायचो. कढीपत्त्याच्या कुंडीला सांज-सकाळ पाणी घालायचो. ते रोप काकूंनी रत्नागिरीहून मांडीवर ठेवून आणलं होतं. सरांच्या खुर्चीवर मी कधी बसलो नाही. त्या आठवड्यात तर तिच्याकडे पाहणंही टाळलं. संध्याकाळी गच्चीवर उभा राहून पूर्वेकडे पाहायचो. गावाकडे ढगाकडे पाहून ज्यांचे चेहरे उजळतात त्या माणसांचा मी मुलगा, आणि मी ढगाला मनोमन माघारी जा म्हणत होतो.

मी सरांसाठी सबबी शोधत होतो. वाटायचं, फक्त पुन्हा नमुने घेऊ आणि कुठून चूक झाली याबद्दल काही बोलूच नये. वाटायचं, सर परत येईपर्यंत थांबावं, तेच सांगतील. पण ते येईपर्यंत पेटा पाण्याखाली जाणार होता. शिवाय, सर परत येऊन काय म्हणणार हे मला ठाऊक होतं. ते प्रामाणिकपणे म्हणणार, "मी बरोबरच सांगितलं होतं." आणि ते खरंच असणार. मराठीत ते अगदी बरोबर होतं. म्हणजे मग पुन्हा चूक कुणाची, तर कजोडजींची.

सगळ्यात जास्त जी आशा धरून होतो ती वेगळीच होती. कदाचित पाण्याजवळच्या मातीतही स्फुरद कमीच निघेल. मग अहवाल आहे तसा खरा ठरेल, आणि कुणाला काही सांगायची गरजच उरणार नाही. शनिवारी कजोडजी आणि मी परवानगी न घेता, सुट्टीच्या दिवशी, पुन्हा गेलो. गुलाबबाईने या वेळी स्वतः खुरपं घेतलं आणि खड्डे करून दिले. तिला वाटलं तिच्या मातीचा मान झाला. "अब देखना, म्हारी माटी सबसे बढिया निकलेगी," ती म्हणाली. तिच्या दृष्टीने बढिया म्हणजे भरपूर. मला ते ऐकवत नव्हतं.

रविवारी प्रयोगशाळेत मी एकटा होतो. दुपारी आंधी आली. खिडक्यांच्या फटीतून धूळ आत येऊन टेबलावर पसरली, आणि मी नळ्यांवर ओला रुमाल धरून उभा राहिलो. मग शेवटचा द्रव घातला. आयुष्यात मी पहिल्यांदाच माझ्या हातातल्या नळीत रंग उगवू नये असं म्हणत होतो. क्षणभर काही झालं नाही. मग तळापासून निळा वर चढला, आणि चढतच राहिला. आधी आकाशासारखा, मग मोरपिशी, मग शाईसारखा. यंत्राचा काटा पट्टीबाहेर जाऊन थरथरत राहिला. मी द्रावण पातळ केलं, पुन्हा वाचलं. पुन्हा पातळ केलं. शेजारी वरच्या शेतांची जुनी माती नव्याने लावली होती. ती फिकीच आली. शंकेला जागा उरली नाही. पाण्यापासून हाकेच्या अंतरावर कोठ्या काठोकाठ भरलेल्या होत्या आणि दार म्हणून काही नव्हतंच.

मी नळ्या तशाच ठेवून पायरीवर जाऊन बसलो. आत परतलो तेव्हा निळा फिका पडत चालला होता. आणखी थोड्या वेळाने कुणी पाहिलं असतं तर त्याला मधला, समजूतदार निळा दिसला असता. पण मी त्याला गडद असताना पाहिलं होतं.

तो तलाव आता नाही. म्हणजे धरणाची भिंत आहे, पण मागे पाणी येत नाही. पेट्यात प्लॉट पडलेत. मागे मी तिथून गेलो तेव्हा एका फाटकावर "पाल व्ह्यू" असं काहीसं लिहिलं होतं. त्या वर्षी मात्र बैठकीत नळाचं काम थांबलं, खरबुजाच्या वाड्या पाण्याच्या कडेवरून वर सरकवल्या, आणि गुलाबबाईने मला पुढे कधी खरबूज दिलं नाही. तिचा राग मला रास्त वाटतो. कजोडजींचा कागद पुढच्या हंगामात निघाला, आणि त्याच्या पुढच्याही.

सर जाऊन पुष्कळ वर्षं झाली. काकू रत्नागिरीला मीनूकडे असतात. ज्येष्ठात त्यांचा फोन येतो, "आंधी आली का रे?" गेल्या वर्षी त्यांनी एक पाकीट पाठवलं. सरांचं कपाट आवरताना त्यात माझं पत्र निघालं. रविवारी प्रयोगशाळेतून परतून मी त्यांना मुंबईच्या पत्त्यावर लिहिलं होतं, तेच. तेव्हा सरांच्या डोळ्यांवर पट्टी होती. मीनूला लिपी यायची, पण मराठी पत्र धड वाचता येत नव्हतं. म्हणजे ते काकूच वाचून दाखवणार, हे मला माहीत होतं. पट्टी निघाल्यावर सरांनी ते स्वतः पुन्हा वाचलं असावं, कारण त्यात पेन्सिलीने शुद्धलेखनाच्या चुका सुधारल्या आहेत. बाकी कुठे काही लिहिलेलं नाही. त्या सुधारणा धरून पत्र असं आहे.




जयपूर, रविवार

तीर्थस्वरूप साळवी सरांस,
दत्ताचा शिरसाष्टांग नमस्कार.

डोळा कसा आहे? पट्टी अजून असेल, तेव्हा हे पत्र काकू वाचत असतील. काकू, एक विनंती आहे. मधे थांबावंसं वाटेल, पण थांबू नका, आणि काही गाळू नका.

सर, तलावाच्या अहवालातला निष्कर्ष चुकीचा आहे. पाण्याजवळच्या एकाही शेताची माती त्यात नाही. आपण अंगणात कजोडजींना सांगितलंत की बांधाजवळची माती घ्यायची नाही. आपण शेताच्या बांधाविषयी बोलत होतात. इथे बांध म्हणजे धरण. शेताच्या बांधाला हे लोक मेड म्हणतात. त्यांनी आपला शब्द मोडला नाही, म्हणूनच हे झालं. मी शेजारी होतो. मलाही ते वाक्य बरोबर वाटलं, कारण आपला बांध आणि माझा बांध एकच.

काल आम्ही दोघे पुन्हा जाऊन पाण्याच्या कडेची माती आणली. आज तपासली. निळा यंत्राच्या पट्टीबाहेर गेला. वरच्या शेतांची जुनी माती सोबत लावली होती, ती फिकी आली, म्हणजे माझ्या हाताची चूक नाही. आपण शिकवलंत त्याप्रमाणे कोठी आणि दार दोन्ही पाहिलं. धोका मोठा आहे. असं पाणी लोकांना प्यायला द्या असं आपल्या सहीने जाऊ नये, असं मला वाटलं.

माथुर साहेबांना मी लेखी देत आहे. उद्या सकाळी देईन. त्यात कजोडजींनी सांगितलं तसंच केलं, असं लिहिलं आहे. सांगितलं कुणी, हेही लिहिलं आहे. आपलं नाव न घेता ते वाक्य लिहिता येतं का, हे मी पुष्कळ करून पाहिलं. "सूचना देण्यात आली होती" असं लिहून पाहिलं. पण मग कुणी दिली असं विचारलं जाईल, आणि तेव्हा उत्तर द्यायला कजोडजी एकटे उभे असतील. म्हणून नाव लिहिलं. शब्दाचे दोन अर्थ आहेत हेही लिहिलं आहे. ते वाचून कुणी हसेल, कुणी हसणार नाही.

मी माफी मागत नाही. मागितली तर आपण लगेच द्याल, आणि मग आपल्याला माझ्यावर रागावता येणार नाही.

आपली इच्छा असेल तर आपण येण्याआधी खोली रिकामी करतो. कढीपत्ता चांगला आहे, नवी पानं आली आहेत.

काकू, एवढंच आहे. आता सर जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत मला लिहून पाठवा. थोडं सौम्य करून लिहावंसं वाटेल तुम्हाला. तसं करू नका.

आपला,
दत्ता